करार कुणी मोडला?

पहिले आखाती युद्ध तोंडावर आले होते. ७ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकी नौदलाने मॅकडॉनेल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स या दोन बड्या कंपन्यांचे एक संयुक्त कंत्राट रद्द केले. कंत्राट ए-१२ ॲव्हेंजर या विमानाचे होते. विमानवाहू नौकेवरून उडणारे, रडारला सहजी न सापडणारे, शत्रूच्या मुलखात खोलवर शिरून बॉम्ब टाकणारे असे ते विमान होणार होते. आराखड्यात त्याला शेपूट नव्हती. वरून पाहिले तर नुसता त्रिकोण दिसे. आठ विमानांसह संशोधन आणि विकासाच्या या कामाची ठरलेली किंमत सुमारे ४.८ अब्ज डॉलर होती. कंत्राट रद्द झाले तेव्हा नौदलाने त्यापैकी जवळपास २.७ अब्ज डॉलर टप्प्याटप्प्याने चुकते केले होते. विमान मात्र एकही तयार झालेले नव्हते.

त्यापाठोपाठ नौदलाने दिलेल्या पैशांपैकी १.३५ अब्ज डॉलर परत मागितले. त्यासाठी दिलेले कारण असे, की हे पैसे ज्या कामापोटी गेले ते काम सरकारने कधी स्वीकारलेलेच नाही. कंपन्यांनी जून १९९१ मध्ये सरकारवर दावा लावला. तो मिटला २०१४ साली. मधल्या तेवीस वर्षांत अमेरिकेत चार राष्ट्राध्यक्ष झाले, मॅकडॉनेल डग्लस १९९७ मध्ये बोइंगमध्ये विलीन झाली आणि हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन खाली परत आला.

सगळ्यात आधी मार बसला तो कामगारांना. सेंट लुईस आणि फोर्ट वर्थ इथल्या हजारो लोकांना कंत्राट रद्द होताच घरी बसवण्यात आले. मोठ्या प्रमाणावर कामगार कमी करायचे तर साठ दिवसांची आगाऊ सूचना दिली पाहिजे, असा अमेरिकेचा १९८८ चा कायदा आहे. ती सूचना आम्हाला मिळाली नाही, म्हणून मॅकडॉनेल डग्लसचे कर्मचारी न्यायालयात गेले. कंत्राट असे अचानक जाईल हे कंपनीला वाजवीपणे कळण्यासारखे नव्हते, असे सांगून अपील न्यायालयाने १९९६ साली त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कंपन्यांचा मोठा दावा अजून पहिल्याच न्यायालयात होता तेव्हा कामगारांचा प्रश्न असा निकालात निघाला.

मोठ्या दाव्यात भांडण एकाच मुद्द्यावर होते. कंत्राट रद्द झाले हे दोघांनाही मान्य होते. ते कोणत्या कारणासाठी रद्द झाले, हा वाद होता.

अमेरिकी सरकार कंत्राट दोन प्रकारे संपवू शकते. पहिला प्रकार कंत्राटदाराच्या कसुरीचा: काम वेळेत झाले नाही, ठरल्याप्रमाणे झाले नाही, किंवा होण्याची चिन्हे नाहीत. दुसरा प्रकार सरकारच्या सोयीचा. त्यात कंत्राटदाराची काही चूक असावी लागत नाही. युद्ध संपले, गरज उरली नाही, धोरण बदलले, एवढे पुरते. दोन्ही पत्रांचा परिणाम एकच, काम बंद. पैशांचा हिशेब मात्र पार उलटा होतो. कसूर धरली गेली तर न स्वीकारलेल्या कामाचा मोबदला मिळत नाही, घेतलेले हप्ते परत करावे लागतात आणि सरकारने तेच काम दुसऱ्याकडून जास्त पैसे मोजून करून घेतले तर वरचा फरकही भरावा लागतो. शिवाय पुढच्या निविदांच्या वेळी हा डाग आडवा येतो. सोयीसाठी रद्द झाले तर आजवर झालेला खर्च, केलेल्या कामावरचा वाजवी नफा आणि आवराआवरीचा खर्च मिळतो. ए-१२ च्या बाबतीत या दोन टोकांमधले अंतर अडीच अब्ज डॉलरच्या घरात होते.

सोयीचा हा अधिकार सरकारला मिळाला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे मूळ युद्धांमध्ये आहे. अमेरिकेचे यादवी युद्ध संपल्यावर नौदलाला जहाजांची यंत्रसामग्री नकोशी झाली. कॉर्लिस स्टीम-इंजिन कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८७६ साली सांगितले, की काम अर्ध्यावर थांबवून तडजोड करण्याचा अधिकार नौदलाला आहे. पुढे दोन्ही महायुद्धांच्या अखेरीस हजारो कंत्राटे एकदम गुंडाळावी लागली आणि ही पद्धत कायद्यात पक्की बसली. इथवर ते समजण्याजोगे आहे. लढाई थांबल्यावर तोफगोळे घेत राहा, असे कुणी म्हणणार नाही.

पण १९६३ च्या एका निकालाने हा अधिकार फार पुढे नेला. लुइझियानातील फोर्ट पोक या लष्करी तळावर दोन हजार घरे बांधायचे कंत्राट होते. लष्कराने तळच बंद करायचे ठरवले आणि १९५८ मध्ये कंत्राट रद्द केले. त्या करारात ‘सोयीसाठी रद्द’ हे कलमच नव्हते. बांधकाम कंपनीने साहजिकच बुडालेला नफा मागितला, पन्नास लाख डॉलरहून अधिक. सरकारवरचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाने तो नाकारला. सरकारी नियमांप्रमाणे हे कलम अशा करारात असायलाच हवे होते, म्हणून ते लिहिलेले नसले तरी लिहिलेले आहे असे धरायचे, असे न्यायालय म्हणाले. सही करताना कागदावर जे नव्हते ते नंतर करारात आले आणि त्याने सही करणाऱ्याच्या हातातला नफा काढून घेतला. सरकारशी करार करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा तरी वाचावे.

भारतात या बाबतीत कायदा कंत्राटदाराला थोडा अधिक आधार देतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे करार मोडणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते, मग तो सरकार का असेना. गुजरातमधल्या एका रस्त्याचे कंत्राट राज्य सरकारने बेकायदा संपवले होते. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या ठेकेदाराला उरलेल्या कामाच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम हातातून गेलेला नफा म्हणून मंजूर केली. नफ्याचा पैन् पै हिशेब मांडत बसायची गरज नाही, असा धंदा करणारा माणूस साधारण किती नफा धरतो हे पाहिले की झाले, ही त्या निकालामागची भूमिका. अमेरिकेत चुकीची कसूर ठरवून कंत्राट काढून घेतले गेले तरी इतके मिळत नाही. तिथल्या प्रमाणित करारात एक तरतूद असते: कसूर सिद्ध झाली नाही, तर ते कंत्राट सोयीसाठी रद्द झाले होते असे मानायचे. म्हणजे सरकारचे पाऊल चुकीचे ठरले तरी ते करारभंगात मोजले जात नाही आणि न झालेल्या कामावरचा नफा बुडतो तो बुडतोच.

सरकारशी ही लढाई लढायची अमेरिकेतली रीत १९७८ च्या कंत्राट विवाद कायद्याने घालून दिली आहे. कंत्राटदाराने आधी आपली मागणी कंत्राट अधिकाऱ्यापुढे ठेवायची. म्हणजे ज्याने कंत्राट रद्द केले त्याच्याच पुढे. त्याचा अंतिम निर्णय हाती आला की कंत्राट अपील मंडळाकडे जायला ९० दिवस, किंवा वॉशिंग्टनच्या संघीय दावे न्यायालयात जायला बारा महिने. छोट्या ठेकेदारांचे बरेच दावे या तारखांवरच कोसळतात. कसुरीचे पत्र हाती आल्यावर माणूस कार्यालयात खेटे घालतो, पुन्हा विचार करा म्हणून विनवण्या करतो, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

मुदत सांभाळली तर कायदा त्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट करतो. कसूर झाली हे सिद्ध करायची जबाबदारी तो सरकारवर टाकतो. कंत्राट रद्द केले त्या दिवशी, काम वेळेत पुरे होण्याची वाजवी शक्यता उरलेली नाही, असे मानायला अधिकाऱ्याकडे खरोखर आधार होता का, हे न्यायालय तपासते. आणखीही एक अट जुन्या निकालांतून आलेली आहे. निर्णय त्या अधिकाऱ्याचा स्वतःचा असला पाहिजे. १९६८ च्या एका प्रकरणात नौदलाच्या टोप्या शिवून देणाऱ्या कंत्राटदाराला उशीर झाला होता. कंत्राट रद्द झाले ते मात्र सिनेटच्या एका समितीने त्याच्यावर रोख धरल्यामुळे. उशीर खरा होता, तरी अधिकाऱ्याने स्वतःचा विचारच केला नाही, म्हणून ती कसूर टिकली नाही.

ए-१२ च्या वकिलांनी याच निकालाचा आधार घेतला. त्यासाठी कंत्राट रद्द होण्याआधीचे वर्ष समजून घ्यायला हवे. एप्रिल १९९० मध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी काँग्रेसपुढे सांगितले होते, की ए-१२ चे काम ठीक चालले आहे. जून उजाडताच कंपन्यांनी नौदलाला कळवले, की पहिले उड्डाण वेळेवर होणार नाही आणि ठरलेल्या किमतीतही काम बसणार नाही. विमान ठरल्यापेक्षा बरेच जड होत होते. चेनी तोंडघशी पडले. चौकशी बसली, नौदलातले वरिष्ठ अधिकारी शिक्षेला पात्र ठरले. कंपन्यांनी दीड अब्ज डॉलरचा तोटा स्वतः सोसायची तयारी दाखवली, पण उरलेल्या कामासाठी झालेल्या खर्चावर आधारलेला नवा करार मागितला. डिसेंबरात चेनींनी नौदलाला बजावले, हा प्रकल्प का चालू ठेवावा याचे कारण द्या. जानेवारीच्या ५ तारखेला त्यांनी कंपन्यांना खास सवलत द्यायला नकार दिला आणि दोन दिवसांनी रद्दचे पत्र निघाले.

पत्रावर सही कंत्राट अधिकाऱ्याची, निर्णय कोणाचा? संघीय दावे न्यायालयाचे न्यायाधीश रॉबर्ट हॉजेस यांनी पुरावा पाहून उत्तर दिले, की निर्णय संरक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाचा. वरून पाठिंबा आणि पैसा काढून घेतला गेला, आणि खाली अधिकाऱ्याला कसूर आहे की नाही हे स्वतंत्रपणे तोलून पाहायला वावच राहिला नाही. म्हणून कसूर रद्द. कंत्राट सोयीसाठी संपले असे धरायचे. १९९८ मध्ये त्यांनी कंपन्यांना १.२ अब्ज डॉलर आणि वर व्याज देण्याचा हुकूम केला.

१९९९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो फिरवला. मंत्र्यांचा दबाव होता हे खरे, पण निर्णयाचा कंत्राटाच्या कामगिरीशी संबंध होताच. कंपन्या मागे पडल्या होत्या आणि त्यावरूनच सगळे घडले, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. प्रकरण पुन्हा हॉजेस यांच्याकडे आले. २००१ मध्ये त्यांनी कसूर मान्य केली. २००३ मध्ये अपील न्यायालयाने तोही निकाल बाजूला सारला. हॉजेस यांनी कसोटी नीट लावली नाही, असे ते न्यायालय म्हणाले. २००७ मध्ये हॉजेस यांनी पुन्हा कसूर मान्य केली आणि २००९ मध्ये अपील न्यायालयाने अखेर तिच्यावर शिक्का मारला. तोवर सरकारची मागणी व्याजासह अडीच अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती.

१९९९ चा तो निकाल पचायला जड जातो. कामात उशीर होता, यात शंका नाही. पण मोठे सरकारी काम म्हटले की कुठेतरी उशीर असतोच. तो असला की वरच्या माणसाने राजकीय कारणाने घेतलेला निर्णयही कायदेशीर ठरणार असेल, तर अधिकाऱ्याच्या स्वतंत्र विचाराची अट कागदावरच राहते. महाराष्ट्राला हा प्रश्न अनोळखी नाही. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प ३ ऑगस्ट १९९५ रोजी मनोहर जोशींच्या सरकारने रद्द केला, तो नुकत्याच जिंकलेल्या निवडणुकीतला मोठा मुद्दा होता. कंपनी लंडनमध्ये लवादाकडे गेली, राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेले. मग वाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या सुरुवातीला नवा करार ठरला. रद्द करणे कायद्याने बरोबर होते का, हे त्यामुळे तपासलेच गेले नाही.

ए-१२ च्या कंपन्यांकडे आणखी एक बचाव होता, आणि खटल्याचा सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग तिथेच आहे. काम अवघड असल्याची महत्त्वाची माहिती सरकारकडे असेल आणि ती कंत्राटदाराला दिली नसेल, तर उशिराचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही, हे अमेरिकी कायद्यात जुने तत्त्व आहे. त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण साधे आहे. हेलेन कर्टिस या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने लष्करासाठी जंतुनाशक पावडर बनवायचे काम घेतले होते. त्यातले एक रसायन बारीक दळावे लागते, हे लष्कराला ठाऊक होते. कंपनीला ते सांगितले नाही. १९६३ मध्ये कंपनी जिंकली.

ए-१२ बद्दल कंपन्यांचे म्हणणे नेमके असेच होते. रडारला चकवणारी विमाने सरकारने आधीच बनवून घेतली होती, लॉकहीडकडून एफ-११७ आणि नॉर्थरॉपकडून बी-२. त्या कामात जे शिकायला मिळाले ते आम्हाला दिले असते, तर वजन आणि वेळ दोन्ही आटोक्यात राहिले असते. हे खरे की खोटे, हे पाहायला कागदपत्रे आणि साक्षी लागतात. साक्षी सुरू झाल्यावर गुप्त लष्करी माहिती बाहेर पडू लागली. हवाई दलाच्या प्रभारी सचिवांनी न्यायालयाला लिहून दिले, की आणखी खोदले तर देशाची गुपिते उघडी पडतील. न्यायालयाने त्या मुद्द्यावरचा पुरावा थांबवला. म्हणजे सरकार म्हणणार, तुम्ही कसूर केली. कंपनी म्हणणार, ती का झाली याचे कारण तुमच्या कपाटात आहे. आणि कपाट उघडायला बंदी. तरीही हॉजेस आणि अपील न्यायालय कसुरीचा निकाल देऊन मोकळे झाले होते.

२३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवले. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलेला निकाल एकमताचा होता. गुपितामुळे कंपनीचा बचाव तपासता येत नसेल, तर त्याच कंत्राटावर सरकारचा दावाही मान्य करता येणार नाही. मग उरते काय? दोन्ही पक्षांना दाव्याच्या दिवशी जिथे होते तिथेच सोडायचे. कंपन्यांना १.२ अब्ज नाहीत, सरकारला १.३५ अब्ज नाहीत. यावर कोणताच पक्ष पूर्ण खूश होणार नाही, हे निकालातच नमूद केले आहे.

या निकालाला आधार होता १८७६ च्या एका हेराच्या खटल्याचा. यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी विल्यम लॉइड नावाच्या माणसाला दक्षिणेत हेरगिरीसाठी पाठवले होते, महिना दोनशे डॉलर पगारावर. युद्धानंतर त्याला फक्त खर्च मिळाला. तो गेल्यावर त्याच्या इस्टेटीच्या वतीने उरलेल्या पगारासाठी दावा झाला. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, अशा कराराचे अस्तित्वच गुप्त असते, तो न्यायालयात आणता येणार नाही. लॉइडच्या वारसांच्या पदरात काही पडले नाही. एकशे पस्तीस वर्षांनी त्याच तत्त्वाने अब्जावधींचा प्रश्न सुटला. फरक इतकाच की तोपर्यंत २.७ अब्ज डॉलर कंपन्यांना मिळालेले होते, म्हणून ‘जिथे होता तिथे राहा’ याचा त्यांना फायदा झाला. ज्याने काम आधी केले आणि पैसे नंतर मिळायचे होते, त्याला हेच तत्त्व रिकाम्या हाताने घरी पाठवते. स्कॅलिया यांचे यावरचे म्हणणे असे, की पक्षकारांनी हा धोका ओळखून करारात त्याची तजवीज करावी. जनरल डायनॅमिक्सला ते जमेल. छापील करारावर सही करण्याखेरीज पर्याय नसलेल्या छोट्या पुरवठादाराला कसे जमणार, हे त्या निकालात सापडत नाही.

एक धागा तरी उरलाच होता. इतक्या गुप्त बाबतीत माहिती देण्याचे बंधन सरकारवर होते का, हे ठरवायला प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले. ते ठरण्याआधीच जानेवारी २०१४ मध्ये तडजोड झाली. एकूण सुमारे ४०० दशलक्ष डॉलरची. रोख रक्कम कुणी दिली नाही. बोइंगने नौदलाला तीन ईए-१८जी ग्राउलर विमाने द्यायची आणि जनरल डायनॅमिक्सने एका नव्या विनाशिकेच्या बिलात साधारण तेवढ्याच किमतीची सूट द्यायची, असे ठरले. ग्राउलर हे सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानाचे रूप. ए-१२ गेल्यावर नौकांवर जी जागा रिकामी राहिली ती सुपर हॉर्नेटने भरली, आणि त्याच्या विकासाचे कंत्राट नौदलाने १९९२ सालीच मॅकडॉनेल डग्लसला दिले होते, म्हणजे ए-१२ चा खटला सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी. ७ जानेवारी १९९१ चे ते पत्र कायद्याला धरून होते की नव्हते, यावर आज अमलात असलेला एकही निकाल नाही.